ओपातिया: बादशहाची वाट, आईंची चाल

समुद्रात सूर्य बुडतो हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. क्रोएशियातल्या ओपातियाला पोचलो त्याच संध्याकाळी सासूबाईंना घेऊन आम्ही सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर जाऊन बसलो. सूर्य मात्र पाठीमागच्या उच्का डोंगराआड केव्हाच गेला होता. इथे समुद्र पूर्वेकडे! आईंनी शाल घट्ट गुंडाळली आणि म्हणाल्या, "मग पहाटे येऊ." या वृत्तांतातला सगळ्यात कामाचा सल्ला तोच. सूर्योदयाला या, नाहीतर उन्हाळ्यात दुपार कलल्यावर या, तेव्हा डोंगराची सावली समुद्राकाठच्या चालायच्या वाटेवर उतरू लागते. आम्ही दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निघायचा शहाणपणा केला आणि समोरून येणाऱ्या उन्हात भाजून निघालो.

ही वाट म्हणजे लुंगोमारे. वोलोस्को गावापासून ओपातियातून लोव्रान गावापर्यंत, सुमारे 12 किलोमीटर. एका बाजूला जुन्या हवेल्यांच्या बागांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला खडक आणि पाणी. गाड्यांना प्रवेश नाही, तिकीट नाही. तिचं अधिकृत नाव ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्यावरून आहे.

राजेरजवाडे इथे आले ते हिवाळ्यात, पोहायला नव्हे. डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतो, त्यामुळे थंडी सौम्य. 1844 मध्ये जवळच्या रियेका शहरातल्या इजिनियो स्कार्पा या धनिकाने दिवंगत पत्नीच्या नावाने व्हिला अँजिओलिना बांधला, आणि 1860 मध्ये ऑस्ट्रियाची माजी सम्राज्ञी मारिया आना तिथे मुक्कामाला आली. 1873 मध्ये रेल्वे जवळच्या मातुल्यीपर्यंत पोचली. रेल्वे कंपनीनेच पुढे 1884 मध्ये क्वार्नेर हॉटेल उघडलं. 1889 मध्ये गावाला आरोग्यस्थानाचा दर्जा मिळाला, म्हणजे समुद्राकाठी चालणं हा त्या काळी औषधोपचारच होता. 1894 मध्ये खुद्द फ्रान्झ जोसेफ आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा यांची इथे भेट झाली. 1918 नंतर गाव इटलीकडे, मग युगोस्लाव्हियाकडे आणि आता क्रोएशियाकडे. वाट तीच राहिली. आईंचं मत: "राजांना एवढं सुख होतं, तरी टिकले नाहीत."

मला विचाराल तर मधला, हॉटेलांचा भाग सगळ्यात कमी रंगतदार. टूरवाले तिथे दोन तास सोडतात, लोक सीगल घेतलेल्या मुलीच्या पुतळ्याशी फोटो काढतात (1956 चा आहे, शिल्पकार झ्वोन्को त्सार) आणि परत बसमध्ये. पुतळा सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण वोलोस्कोचं चिमुकलं मासेमारी बंदर, गल्लीबोळ, होड्या बघितल्याशिवाय जाऊ नका. दुसऱ्या टोकाला इचिची आणि इका ही गावं ओलांडल्यावर लोव्रानकडे गर्दी ओसरते. लोव्रानच्या चेस्टनटचा मोठा लौकिक आहे, ते हवे असतील तर शरद ऋतूत या.

आम्ही वाट दोन दिवसांत वाटून घेतली. ज्येष्ठ बरोबर असतील तर असंच करा. वाट बहुतेक सपाट असली तरी मधेमधे पायऱ्या लागतात, त्यामुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडी टोकापासून टोकापर्यंत नेता येणार नाही. लाटांनी दगड ओला झाला की निसरडा होतो, घसरू न देणाऱ्या तळाचे बूट घाला, चपला नकोत. वाळूचा किनारा शोधू नका. पोहायला सिमेंटचे कट्टे आणि शिड्या आहेत, आणि खडकांत समुद्री साळू (काटेरी सी अर्चिन) असतात म्हणून पाण्यात रबरी बूट हवेतच. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

क्रोएशियात 2023 पासून युरो चालतो आणि शेंगेन व्हिसाही (बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा एकच व्हिसा), त्यामुळे इटली किंवा स्लोव्हेनियाच्या सहलीला दोन दिवस सहज जोडता येतात. रियेकाहून 32 नंबरची बस ओपातियामार्गे लोव्रानला जाते. चालायला एका बाजूने सुरुवात करा आणि परत हीच बस पकडा.

आम्हीही लोव्रानहून तीच पकडली. दोन दिवसांत तुडवलेली वाट खिडकीखालून भराभर मागे पडत होती. आई काचेला नाक लावून आम्ही बसलो तो प्रत्येक बाक ओळखायचा प्रयत्न करत होत्या. सात सापडले, आठव्यावरून आमचं अजून एकमत नाही.