पितळ उलू नये म्हणून

मागच्या रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. भांडी बाजारातल्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून निवांत बोलत होता. मध्येच आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘काकू सांगत होती, तू तिकडे बंदुकीच्या गोळ्या बनवतोस. खरं का रे?’’

त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. ज्यांच्या माळ्यावर अजून तांबटाचा एखादा हातोडा पडलेला आहे, त्यांनी तर नक्की वाचा.

गोळ्या मी बनवत नाही. बंदूक माझ्याकडे नाही, तिचा परवानाही नाही. मी पुंगळ्या घडवायला मदत करतो. गोळी उडून गेल्यावर काडतुसाचा जो पितळी भाग मागे उरतो, ती पुंगळी. इथे बर्मिंगहॅममध्ये आमच्या घरामागच्या गल्लीत एक निवृत्त टूलमेकर, म्हणजे कारखान्यासाठी साचे-हत्यारं घडवणारे कारागीर, राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मनातल्या मनात वस्ताद म्हणतो. त्यांच्याकडे १८८० च्या दशकातली एक मार्टिनी-हेन्री रायफल आहे. ब्रिटिश सैन्याने ही रायफल १८७१ मध्ये स्वीकारली आणि पुढे ती हिंदुस्थानातल्या पलटणींच्या हातातही आली. वस्ताद वर्षातून दोन-तीनदा ती घेऊन बिस्लीच्या नेमबाजीच्या रेंजवर जातात. अडचण एकच. तिचं ५७७/४५० काडतूस आता बाजारात सहज मिळत नाही, आणि मिळालंच तर सोन्याच्या भावाने. मग पुंगळी घरीच घडवायची.

माझी ओळख झाली ती त्यांच्या शेडमधून येणाऱ्या आवाजामुळे. नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला हँडप्रेसचा आवाज बरोबर कळतो. कुंपणावरून विचारलं, काय दाबताय? त्यांनी आत बोलावलं.

घडवायची सुरुवात होते शॉटगनच्या पुंगळीपासून. २४ गेजची सरळ पितळी पुंगळी बुडाशी जवळजवळ मार्टिनीच्या मापाची असते. फरक वरच्या भागात. मार्टिनीच्या काडतुसाला बाटलीसारखे खांदे आणि मान आहे, म्हणजे रुंद अंगाचं नळकांडं वरच्या बाजूला आवळत न्यायचं. एका दाबात हे होत नाही. चढत्या क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या डायमधून, म्हणजे पोलादी साच्यांमधून, पुंगळी टप्प्याटप्प्याने जाते. प्रत्येक वेळी वरून लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतून निघणाऱ्या तेलकट मेणाचा, अगदी पातळ हात. तेल जास्त झालं की ते डायमध्ये कोंडतं आणि खांद्यावर खळगा पडतो. कमी झालं तर पुंगळी डायमध्ये अडकते. घाई केली तर खांद्याला सुरकुत्या पडतात, आणि पडलेली सुरकुती परत जात नाही.

आणखी एक गोष्ट टूलरूमवाल्यांना लगेच पटेल. पितळ आवळलं की नाहीसं होत नाही, ते जाड होतं. मान बारीक होते तशी तिची भिंत जाडावते. त्यामुळे शेवटी मान आतून रीम करून, म्हणजे कोरून, घ्यावी लागते, नाहीतर गोळी बसवल्यावर मान चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत, घट्ट होते. ते धोक्याचं. लांबीही कापून बरोबर करायची. चेंबरचं खरं माप घेण्यासाठी वस्तादांनी त्यात सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ओतून साचा काढला होता. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. शंभर-दीडशे वर्षांच्या रायफलींची चेंबरं एकसारखी नसतात, म्हणून पुस्तकातल्या मापावर ते विसंबत नाहीत. इतकं सगळं करून पुंगळीला शेवटचा आकार येतो तो पहिल्या बारात. आतल्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि तोच आकार धरतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

पितळ ठोकलं, दाबलं, ओढलं की कडक होतं. नाशिकच्या तांबट लेनमध्ये वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. हंड्याचा गळा काढताना आबा चार फेऱ्या ठोकायचे आणि हंडा परत भट्टीत घालायचे. आतल्या खोलीत अंधार असायचा, खिडकीला पोतं लावलेलं. उजेडात पितळेचा रंग कळत नाही म्हणायचे. अंधुक लाली दिसली की बाहेर. त्याहून पुढे गेलं की पांढरा धूर निघतो. ते जस्त जळून उडतं आणि पितळ बिघडतं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तेही असंच वागतं. दोन डाय झाल्या की मान ताठर होते. तशीच पुढे रेटली तर उभी चीर जाते.

पहिल्याच दिवशी वस्तादांनी माझ्या हातात गॅसची बत्ती दिली. मी आबांसारखी अख्खी पुंगळी तापवली. सुंदर, एकसारखी लाली आली. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी पुंगळी थंड होऊ दिली, पक्कड घेतली आणि चपटी करून भंगाराच्या डब्यात टाकली. ‘‘ही चुकूनसुद्धा कुणाच्या हाती लागता कामा नये,’’ एवढंच म्हणाले.

हंडा अख्खा मऊ झाला तर बिघडत नाही, पुढच्या ठोक्यांनी तो परत कडक होतो. पुंगळीचं तसं नाही. मान मऊ हवी, कारण ती वाकायची, फुगायची आणि पुन्हा आवळायची असते. बूड मात्र कडकच राहिलं पाहिजे. बार होतो तेव्हा बुडाचा मागचा भाग चेंबरच्या आधाराबाहेर असतो. तिथलं पितळ मऊ असेल तर ते फाटून तापलेला वायू मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. म्हणून वस्ताद पुंगळ्या पसरट थाळीत, पाण्यात अर्ध्या बुडवून उभ्या करतात. वरचं तापतं, खालचं पाण्यामुळे गारच राहतं. लाली दिसली की पुंगळी आडवी पाडायची. पाण्यात पडल्याने पितळ पोलादासारखं कडक होत नाही, फक्त उष्णता खाली उतरायची थांबते. सैन्याच्या काडतुसांच्या मानेवर तापवल्याची निळसर झाक दिसते, ती याच शेवटच्या तापवण्याची खूण. एकाच दोन-अडीच इंची वस्तूत एक टोक मऊ आणि दुसरं कडक ठेवायचं, हे मी नाशिकला पाहिलं नव्हतं. आबांना दाखवता आलं असतं तर त्यांनी ती पुंगळी तासभर हातातून सोडली नसती.

मग एकदा वस्तादांनी जुनी काडतुसं उलण्याबद्दल सांगितलं, आणि मी हातातलं काम ठेवून ऐकत राहिलो. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत पावसाळ्यात पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या. न वापरता, नुसत्या ठेवल्या ठेवल्या. काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिघांनी मिळून ते होत होतं. १९२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी याचं नीट कारण प्रसिद्ध केलं. उपायही साधा निघाला. घडवून झाल्यावर हलकंसं तापवून आतला ताण काढायचा.

आबा नवीन हंडे गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवू द्यायचे नाहीत. पावसाळ्यात तर अजिबात नाही. ‘‘गाईच्या वासानं पितळ उलतं,’’ म्हणायचे. आम्ही पोरं ते सोवळ्याओवळ्यातलं काहीतरी समजायचो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस अमोनिया हा शब्द न वापरता तेच सांगत होता, आणि ते मला कळलं बर्मिंगहॅमच्या एका शेडमध्ये, चाळिशीत. त्या रात्री झोप लागली नाही. आईला फोन केला तेव्हा तिकडे पहाट होती.

म्हणूनच वस्ताद पुंगळ्या अमोनियावाल्या पॉलिशने कधी घासत नाहीत. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात घालतात. मी त्यांना चिंचेचा कोळ करून दिला. पुंगळ्या तेवढ्याच लख्ख निघाल्या आणि त्यांना फार आनंद झाला.

बर्मिंगहॅम हे एकोणिसाव्या शतकात पितळेचंच शहर होतं. बटणं, नळ, पलंगाचे दांडे, सगळं इथे घडायचं. बंदुका बनवणाऱ्यांचा मोहल्ला वेगळा होता, आणि बंदुकीच्या नळ्यांची चाचणी घेणारं १८१३ चं प्रूफ हाउस अजून चालू आहे. पण गल्ल्या रिकाम्या झाल्या. वस्तादांच्या मुलांना या कामात रस नाही. आपल्या तांबट लेनचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

परवा त्यांनी जुन्या ३०३ रायफलच्या पुंगळ्यांचा बिस्किटाचा डबा उघडला. त्यातली एक माझ्यापुढे धरून भिंग दिलं. बुडावर ‘के’, मधे बाण आणि ‘एफ’. म्हणजे खडकी. १८६९ पासून चालू असलेला तो दारूगोळा कारखाना. पुण्याला शिकताना खडकी स्टेशनवरून मी रोज जात होतो. ही पुंगळी पुन्हा भरता येण्यासारखी नाही, कारण तिच्या बुडात बर्डन पद्धतीची दोन बारीक छिद्रं आहेत. एकच मधलं छिद्र असेल तर सुई घालून जुनी टोपी, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली वाटी, सरळ ढकलता येते, इथे येत नाही. म्हणून ती डब्यातच राहून गेली. वस्ताद म्हणाले, घेऊन जा. मी नाही म्हणालो.

हे पण लिहून ठेवतो, कारण दादाने विचारलं. रिकामी पुंगळीसुद्धा सामानात टाकून भारतात आणू नका, विमानतळावर मोठा त्रास होतो. आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. इथेही वस्तादांकडे पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट आहे आणि काळ्या दारूसाठी वेगळा परवाना. दारू आणि गोळी भरण्याचं काम ते एकटेच करतात, मी तेव्हा शेडमध्ये थांबत नाही.

दादाला मी फोनवरच पाण्यात उभ्या केलेल्या पुंगळ्या दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘बत्ती एकाच बाजूनं धरतोस. थाळी फिरव.’’ मी थाळी हळूहळू फिरवू लागलो. ‘‘आता दिवा बंद कर,’’ तो म्हणाला. शेडमधला दिवा मी मालवला. वीस पुंगळ्यांच्या मानांवर एकामागून एक लाली चढत गेली, आणि तिकडे नाशिकला, दुकानाच्या गादीवर बसून, दादा एकेकीला ‘‘हं, पाड’’ म्हणत राहिला.