मेंढरं राखायची ती कशासाठी?

माणदेशात किंवा जतच्या माळावर कळपाशेजारी काठीवर रेललेला मेंढपाळ दिसला की लांबून वाटतं, हा नुसता उभा आहे. मेंढरू काय, आपापलं चरेल की! चरेल, पण आवडीचं तेवढंच. मोकळं सोडलं तर ते आधी पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं बुडापर्यंत कुरतडतं, त्याच जागी कोवळा फुटवा आला की पुन्हा तोच खुडतं. असं होत राहिलं की चांगलं गवत मरतं आणि माळावर कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत, माजते. कुसळी फुलोऱ्यात येण्याआधी मेंढरं खातात, म्हणून कळप तिच्यावरून आषाढ-श्रावणातच फिरवायचा. दिवाळीच्या सुमाराला वाळलेली कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात, डोळ्यांत आणि हिरड्यांत रुततात.

राखणं म्हणजे मागून हाकणं नव्हे. मागून रेटलेला कळप गोळा होऊन पळतो, खाण्यापेक्षा तुडवतो जास्त. खांद्याच्या थोडं मागं, बाजूला उभं राहिलं की मेंढरू पुढं सरकतं. खांद्याच्या पुढं गेलं की वळतं. अगदी पाठीमागचं त्याला दिसत नाही, तिथून अचानक आवाज केला की बुजतं. सकाळी दव उठल्यावरच सोडायचं. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंताच्या अळ्या चढलेल्या असतात.

पिकाची राखण म्हणून मेंढपाळ हवा, हे सगळ्यांना कळतं. पिकापासून मेंढरांची राखण मात्र कुणी मोजत नाही. ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला की धसकटांना पोपटी फुटवे येतात. त्यात सायनाइड तयार होतं. उपाशी कळप त्यात शिरला तर धापा टाकत जनावरं थोड्या वेळात आडवी होतात. उपचार आहे, सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन, पण डॉक्टर वेळेत पोचायला हवा. तासगावकडच्या द्राक्षबागांतला धोका सावकाश येतो. बागेवर फवारतात त्या बोर्डो या बुरशीनाशकात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो आणि तांब्याच्या बाबतीत मेंढी फार नाजूक, शेळीपेक्षाही. फवारलेल्या बागेतलं तण किंवा छाटणीचा पाला आठवडेच्या आठवडे खाल्ला तर तांबं यकृतात साठत जातं. मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी लालसर-काळपट, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. फुकटचा पाला म्हणून आनंदानं घेऊ नये, आधी काय फवारलंय ते विचारावं.

आता शेतकऱ्याच्या फायद्याचं. रात्री शेतात मेंढरं बसवली की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं. गोठ्यातल्या खतात मुताचा बराच भाग वायाच जातो. मेंढीच्या खतात नत्र साधारण 3 टक्के धरतात, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. एका मेंढराला बसायला सुमारे एक चौरस मीटर जागा लागते, म्हणजे 200 मेंढरं रात्रीत दोन गुंठे धरतात आणि एकराला 20 रात्री लागतात. कळपाभोवती लावलेली जाळी रोज सरकवली पाहिजे. आळस करून एकाच जागी ठेवली तर तिथं पीक नुसतं माजतं, लोळतं, आणि उरलेलं शेत कोरडंच राहतं. सकाळी जाळी उघडण्याआधी कळप उठवून थोडा वेळ आतच उभा ठेवायचा. मेंढरू उठल्या उठल्या मुततं. ते बांधावर गेल्यावर मुतलं तर तुमचं खत बांधाला. सुरू उसाच्या (जानेवारी-फेब्रुवारीत लावतात त्या) लागणीआधी मेंढरं बसवली तर लगेच कुळवून घ्या. लेंडी-मूत उन्हात पडून राहिलं की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तो वास येतोय म्हणजे पैसे उडताहेत.

शेतात कळप बसवायचं ठरवताना बहुतेक जण एका रात्रीचा दर तेवढा विचारतात. त्याआधी मागच्या तीन-चार दिवसांत कळप कुठं चरला ते विचारा. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आला असेल तर बी लेंडीतून साबूत बाहेर पडतं आणि पहिल्या पावसाला शेतभर उगवतं. असा कळप तीन-चार दिवस आधी पडीक माळावर बसू द्यावा, मग आपल्या रानात घ्यावा.