मुंजाच्या अर्जावर सही कुणाची?

सकाळी ७.५२ ची ठाण्याहून सुटलेली धीमी गाडी भांडुपला येते तेव्हा लेडीज डब्यात बसायला जागा नसतेच. "कुठे उतरणार?" असं विचारून नंबर लावायचा आणि उभं राहायचं. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की चौथी सीट मिळते. तिथपासून सँडहर्स्ट रोडपर्यंत साधारण पस्तीस मिनिटं हातात असतात. माझी कादंबरी त्या पस्तीस मिनिटांत, मोबाइलवर, उजव्या अंगठ्याने लिहून झाली. पहिल्या खर्ड्याला दोन वर्षं आणि चार महिने लागले. आता पुस्तक दुसऱ्या प्रुफावर आहे. मराठीत विनोदी अद्भुत कादंबरी लिहून ती स्वतःच काढायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात एका नोटिशीने झाली. माझं माहेर गिरगावातल्या चाळीत. उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, पागडीची खोली, मधल्या चौकात पिंपळ आणि त्याभोवती कट्टा. २०१९ च्या हिवाळ्यात आईला भेटायला गेले तर पिंपळाला सुतळीने कागद बांधलेला. सदर वृक्ष तोडण्याबाबत कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. झाड तोडण्याआधी अशी नोटीस झाडावरच लावावी लागते, १९७५ च्या वृक्ष कायद्यात तशी तरतूद आहे. पुनर्विकासाची बोलणी चालूच होती, त्यामुळे चाळीत कुणाला धक्का बसला नाही. आई मात्र गॅलरीत उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "आणि मुंजा कुठे जाणार?"

ती अगदी मनापासून विचारत होती. तिन्हीसांजेला पिंपळाखाली खेळू नका, हे सांगत तिने आम्हा भावंडांना वाढवलं. मुंज झालेली पण सोडमुंज व्हायची राहिलेली, अशा वयात मुलगा गेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे आमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं इतक्या सहजपणे सांगितलं जायचं. आईच्या हिशेबात मुंजा त्या चाळीतला सर्वांत जुना रहिवासी होता.

घरी परतताना गाडीतच पहिलं वाक्य लिहिलं. "मुंजाकडे रेशनकार्ड नव्हतं." पुनर्विकासात रहिवासी म्हणून पात्र ठरायला कचेऱ्यांचे खेटे घालणारा मुंजा, अशी ही गोष्ट.

पहिल्या खर्ड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शब्द ब्याण्णव हजार झाले. मुंजा, चिंचेवरची हडळ, दादरच्या पुलावर माणसांची वाट चुकवणारा चकवा, अमावस्येला पालखीतून निघणारा वेताळ, सगळे आले आणि सगळे सतत विनोद करत होते. एका प्रकाशन संस्थेकडे हस्तलिखित पाठवलं. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: भुताची गोष्ट असेल तर भीती हवी, विनोदी असेल तर भूत कशाला. मला त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या भुतांच्या गोष्टी आम्ही घाबरत आणि हसत, दोन्ही एकदम, ऐकल्या होत्या. तेव्हाच ठरवलं की पुस्तक आपण काढायचं. पण आधी ते नीट लिहायचं.

बिघडलं होतं ते एका साध्या गोष्टीमुळे. माझा मुंजा वाटेल तिथे उडत जायचा. अंधेरीला काम असलं की अंधेरीला, मंत्रालयात काम असलं की मंत्रालयात. ज्याला काहीच अडत नाही त्याची फजिती होणार कशी? तेव्हा नियम केला: मुंजा पिंपळाच्या सावलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. पण मग तो कचेरीत जाणार कसा? तीन-चार महिने इथेच अडकले होते. एका सोमवारी आईकडून निघताना कट्ट्यावर पडलेलं ताजं पान उचलून सहज पर्समध्ये टाकलं. ऑफिसात पोचून पाहिलं तर पान अजून तुकतुकीत होतं, फक्त शेपटीसारखं लांब टोक जरा आत वळलं होतं. संध्याकाळपर्यंत कडा मऊ पडल्या. मंगळवारी रंग उतरला. बुधवारी देठ वाकवला तर वाकला, गुरुवारी वाकवला तर कट् आवाज झाला आणि मोडला. त्या आवाजाला मला माझी कादंबरी मिळाली. कुणीतरी खिशात पान घेऊन गेलं तरच मुंजा बाहेर पडतो, आणि देठ मोडायच्या आत त्याला परत झाडापाशी आणावं लागतं. आता प्रत्येक रांग, प्रत्येक "साहेब जेवायला गेलेत" आणि प्रत्येक "उद्या या" त्याच्या जिवावर बेतू लागलं. त्या प्रकरणांत मी नवा विनोद एकही घातला नाही. जुने मात्र पुष्कळ काढले. दुसऱ्या खर्ड्यात एकतीस हजार शब्द गेले.

अद्भुत लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी आपल्या भुताची अडचण शोधा. त्याला काय येतं ते पुढे आपोआप सुचतं.

मग त्याचा भूतकाळ. मुलाची मुंज आठव्या वर्षी, हे ठरलेलं. पण तो गेला कशाने, कधी? यासाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बरेच शनिवार बसले. १८९८ साली सुरू झालेली ही संस्था. आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की मी शोधत होते तो काळही नेमका त्याच्या आगेमागेच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे गेली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि १८९८ मध्ये दाटीची वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड त्या ट्रस्टनेच काढलेला रस्ता. त्या नावाच्या स्टेशनावर मी रोज मोबाइल पर्समध्ये ठेवत होते!

तर माझ्या मुंजाची मुंज १८९६ च्या वैशाखात झाली आणि पावसाळा सरता सरता तो गेला. घरच्यांनी घाईघाईने गलबत धरून कोकण गाठलं. ट्रस्टच्या पाडापाडीतून पिंपळ वाचला, चाळ नंतर त्याच्याभोवती उभी राहिली. म्हणून बिल्डरची माणसं पुनर्विकासाबद्दल सांगायला येतात तेव्हा तो शांतपणे म्हणतो, "हे माझं दुसरं."

कचेरीची भाषा मात्र मला शोधावी लागली नाही. आईची फाइल मीच केलेली. पागडीच्या जुन्या पावत्या, रेशनकार्ड, वीजबिलं, १९६९ च्या आधीची इमारत असल्याचा कागद, वडिलांच्या नावावरून आईच्या नावावर करायचं सगळं. मयत, वारस, सदर, उपरोक्त, पात्र, अपात्र. हे शब्द आधी अंगावर यायचे. पण रोज कानांवर पडल्यावर त्यांची गंमत दिसायला लागली. सर्वांत मोलाचा शब्द मिळाला तो जमिनीच्या कागदांत असतो: 'अज्ञान पालनकर्ता'. अज्ञान म्हणजे वयाने लहान, आणि त्याच्या वतीने सही करणारा तो पालनकर्ता. माझा मुंजा सव्वाशे वर्षं आठ वर्षांचाच आहे. कायद्याने तो अज्ञान.

हे प्रकरण मी एका बुधवारी डब्यात वाचून दाखवलं. आमचा सात-आठ जणींचा ग्रुप आहे, हळदीकुंकवापासून पगारवाढीपर्यंत सगळं गाडीत. आधी दोन प्रकरणं वाचली होती, तेव्हा त्या "छान आहे गं" म्हणाल्या होत्या. मला त्याचा अर्थ कळला होता. या वेळी खिडकीतले साहेब फॉर्म बघून म्हणतात, "तू अज्ञान आहेस." मुंजा ताठ उभा राहतो. "मुळीच नाही. मला गायत्री मंत्र येतो."

अख्खी बाजू हसली. समोरच्या सीटवरच्या, आमच्या ग्रुपात नसलेल्या एक आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पुढे वाचलं. साहेब म्हणतात, "पालनकर्त्याची सही लागेल. आईला घेऊन ये." मुंजा म्हणतो, "आई गलबतावर जागा बघायला गेलीय. येते म्हणाली."

कुणी काही बोललं नाही. गाडी विद्याविहार सोडून कुर्ल्याच्या सिग्नलला थांबली होती आणि पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मला जे लिहायचं होतं ते हेच होतं, आणि ते लिहून झालंय हे मला त्या सिग्नलला कळलं.

पण सही कुणाची, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या खर्ड्यात वेताळ सही करत होता, राजा म्हणून. ग्रुपमध्ये परळला उतरणारी एक सिस्टर आहे, मुलांच्या वॉर्डात काम करते. तिला ते मुळीच पटलं नाही. "वेताळाचा काय संबंध? वॉर्डात एकटं पोर आलं तर आधी आम्ही त्याला जवळ घेतो, कागद नंतर. चाळीतली एखादी बाई मेली का सही करायला?" एवढं बोलून ती उतरून गेली. दुसऱ्या दिवशी घाटकोपर यायच्या आत तिने तोच विषय काढला. रात्रभर तिच्या डोक्यात तेच होतं.

तिच्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. दिराच्या नावावर पावत्या, म्हणून स्वतः यादीत अपात्र ठरलेल्या. त्या पदर खोचून खिडकीशी जातात आणि सही करतात. दोन्ही अपात्र, एकाच कागदावर. शेवटची तीन प्रकरणं पुन्हा नव्याने लिहिली, सव्वा महिन्यात. मी इतक्या वेगाने आणि इतक्या आनंदात कधीच लिहिलं नव्हतं.

यानंतरची कामं वेगळ्या जातीची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे पडत नाहीत. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. डेमी आकार, २०८ पानं, म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). पानांची संख्या फर्म्यात बसवली की कागद वाया जात नाही, म्हणून मी अर्पणपत्रिका आणि श्रेयनामावली एकाच पानावर आणली. आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाचा, पांढराफेक नको, नॅचरल शेड. तीनशे प्रती. प्रकाशनपूर्व सवलतीत एक्क्याऐंशी प्रतींचे पैसे आलेत, त्यातल्या बावीस ७.५२ च्या गाडीतल्या. एका विक्रेत्यांनी विचारलं, हे बालसाहित्यात ठेवू की भयकथांत? मी म्हटलं, विनोदीत ठेवा. मुंजा रागावणार नाही.

अक्षरांवर मात्र मी हट्टाने वेळ घालवला. पाकळीचा ल आणि देठाचा श हवाच होता. मराठीची ही रूपं शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितलेली आहेत, तरी पुष्कळ पुस्तकांत हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात ती नीट आहेत. पण अक्षरजुळणी करणाऱ्या काकांकडे जुनी पद्धत. त्यांनी मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात नेला आणि पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा सगळे ऱ्य फुटलेले. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. हे निदान चूक म्हणून दिसतं तरी. मुंजीच्या प्रसंगात होतं, "आचाऱ्यांनी जिलबीचा घाणा घातला", त्याचं झालं "आचार्यांनी". ही चूक डोळ्याला टोचत नाही, शब्द बरोबर आहे, माणूस बदललाय. संगणकाला एकदम सगळे र्य बदलायला सांगितलं असतं तर 'सूर्य' आणि 'कार्यालय' बिघडले असते. काका म्हणाले, "ताई, एकेक बघावा लागणार." बघितला. चारशे सतरा जागा. लाल पेनने, तीन रविवार, काका शेजारी स्टुलावर बसून दुरुस्त करत होते आणि मधे थांबून पुढचं वाचत होते.

पुस्तक निघालं की तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे तसा. कोलकाता, चेन्नई, दिल्ली, आणि मुंबईत टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. प्रकाशक मीच, म्हणजे जबाबदारीही माझी. माझं ऑफिस फोर्टात, टाउन हॉलच्या पायऱ्या जाता-येता दिसतात. ती प्रत पोस्टाने पाठवणार नाही. आईला टॅक्सीने आणणार आहे.

पिंपळ अजून उभा आहे. हरकतींमध्ये आईचंही पत्र गेलं, तिच्या सहीचं. निकाल यायचाय.

दुसऱ्या प्रुफाचे नऊ फर्मे वाचून झाले. दहावा उद्या सकाळी, घाटकोपरनंतर.