खाजेची गोळी आणि सुडोकूची वही

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मेमरी क्लिनिकमध्ये टेस्टिंगचं काम करते. ज्यांना विसरायला होतंय असं त्यांना स्वतःला, किंवा खरं तर बहुतेक वेळा त्यांच्या घरच्यांना वाटतं, ते आधी डॉक्टरांकडे येतात आणि डॉक्टर त्यांना माझ्या खोलीत पाठवतात. त्यातली एक केस लिहायची बरेच दिवस डोक्यात होती. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी जसं झालं तसं.

काका सत्तरीच्या आसपासचे, हिशोबाच्या कामातून रिटायर झालेले. सोबत काकू आणि मुलगा. मुलाने सगळं मोबाईलमध्ये टाईप करून आणलेलं, कधी काय विसरले, कुठे घोटाळा केला, तारखेसकट. तेच तेच प्रश्न परत विचारतात, सांगितलेलं काम करत नाहीत, गप्पांमध्ये भलतंच काहीतरी बोलतात, आताशा तर कुणी घरी आलं की उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात. आणि मग तो जरा चिडूनच म्हणाला, मॅडम आम्ही मेंदूसाठी जे जे करायचं ते सगळं करतोय, ब्रेन गेमचं ॲप घेतलंय, रोज दोन-दोन तास सुडोकू सोडवतात, तरी खालीच चाललंय.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना. मेंदूचं आरोग्य म्हटलं की लोकांना कोडी आठवतात. कोडी वाईट नाहीत, आवडत असतील तर जरूर सोडवा, पण सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत हुशार होतो. ल्युमॉसिटी नावाच्या ॲपच्या कंपनीने आपले खेळ स्मृतिभ्रंश लांबवतात वगैरे जाहिराती केल्या होत्या, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 साली त्यांच्याकडून 20 लाख डॉलर वसूल केले, कारण दाव्यांना पुरेसा पुरावाच नव्हता. असो, त्या दिवशी मुलाला हे ऐकवण्यात अर्थ नव्हता, बिचारा आधीच दमलेला होता.

काकांना आत घेतलं, दार लावलं, आणि मोका टेस्ट सुरू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही 30 मार्कांची छोटी टेस्ट आहे, 2005 पासून वापरात आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते, घड्याळ काढा, आकडे उलटे म्हणा, शंभरातून सात-सात वजा करत जा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने आठवून सांगा असं सगळं असतं त्यात. 26 च्या खाली मार्क आले की अजून खोलात बघायचं. त्याने निदान होत नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं.

घड्याळ उत्तम काढलं. वजाबाकी तर खटाखट, हिशोबाचा माणूस. आणि पाच शब्द म्हणायला सांगितले तिथे गडबड. मी वाचून दाखवल्या दाखवल्या लगेच ते परत म्हणायचे असतात, तिथेच दोन शब्द वेगळे आले. टेस्टचे खरे शब्द इथे देता येत नाहीत पण समजा मी 'साप' म्हटलं तर काका 'ताप' म्हणाले, अशा प्रकारचं. परत वाचले, परत तेच. आता विसरणारा माणूस शब्द गाळतो, किंवा अर्थाने जवळचा काहीतरी सांगतो, साप ऐवजी विंचू म्हणेल एखादा. यमक जुळवून विसरत नाही कुणी. शिवाय मी बोलताना काका माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते, सतत ओठांकडे. कागदावर लिहायला मी मान खाली घातली आणि बोलले की उत्तर चुकणार किंवा नुसतं हसणार, ते एक कसनुसं 'हो हो'वालं हसणं असतं ना ते.

मी विचारलं, काका ऐकू नीट येतं का? तर म्हणाले, येतं की, लोकच हल्ली पुटपुटतात.

वयामुळे ऐकू कमी येतं त्यात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त, थ असली व्यंजनं त्यात येतात आणि ती मुळात हळू असतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत आणि जोरकस, ते टिकतात. म्हणून या माणसांना आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि त्यांना स्वतःला मनापासून वाटतं की आपलं ऐकणं ठीक आहे, समोरचाच अस्पष्ट बोलतोय. त्यात चार माणसं एकदम बोलत असतील, पंखा चालू असेल, तर संपलंच. मग मेंदू अर्धा वेळ गाळलेल्या जागा भरण्यात घालवतो आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून.

माझ्याकडे ड्रॉवरमध्ये एक साधा ॲम्प्लिफायर असतो, छोटा डबा आणि हेडफोन, बाकी काही नाही. तो काकांच्या कानाला लावला. मोकाचा तोच फॉर्म लगेच परत देता येत नाही म्हणून वेगळी, दहा शब्दांची यादी घेतली. पहिल्या फेरीत सहा, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात नऊ, आणि एकही शब्द भलता नाही. काका हेडफोन काढायलाच तयार नव्हते!

इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं, पण वीस मिनिटांनी तेच दहा शब्द विचारले तर चारच आले. आता ऐकण्याचा प्रश्न नव्हता, शब्द नीट आत गेलेले मी स्वतः ऐकले होते. मग मी हिंट दिल्या, एक भांडं होतं, एक प्राणी होता असं, तर आणखी चार निघाले. हे महत्त्वाचं आहे. अल्झायमरमध्ये सुरुवातीपासून बहुतेकदा साठवण्याचंच यंत्र बिघडतं, त्यामुळे हिंट देऊन फारसा फायदा होत नाही, शब्द तिथे नसतोच. काकांचे शब्द आत होते, पण काढताना हात पोचत नव्हता. मंदपणा होता, मध्येच डोळ्यांवर झापड येत होती. सकाळी अकरा वाजता.

आणि एक गोष्ट मघापासून डोळ्यात खुपत होती. काका सारखे पाणी पीत होते. दोन वाक्यं बोलली की घोट. जीभ टाळूला चिकटल्यासारखं बोलणं. म्हटलं शुगरची काही गोळी आहे का, तर म्हणाले आहे पण शुगर कंट्रोलमध्ये आहे, तोंडच कोरडं पडतं हल्ली. पोट साफ होतं का? नाही हो, त्याचाही त्रास. लघवीला वेळ लागतो? यावर काका जरा बिचकले, तुम्हाला कसं कळलं.

मी दार उघडून काकूंना सांगितलं की गोळ्यांची पिशवी द्या, सगळी. फक्त चिठ्ठीवरच्या नाही, घरात जे जे घेतात ते सगळं. (आमच्याकडे येताना गोळ्या घेऊन या असं सांगतोच, आणि लोक बीपी-शुगरच्या आणतात, झोपेच्या, ॲसिडिटीच्या, सर्दीच्या घरीच ठेवतात कारण त्या 'औषध' नसतात.) काकूंनी टेबलावर ओतली. बीपीची, शुगरची मेटफॉर्मिन, आणि त्यांच्या खाली एक अर्धी संपलेली स्ट्रिप, हायड्रॉक्सिझिन.

ही कसली? काकू म्हणाल्या ती होय, ती खाजेची. मागे अंगावर पुरळ आलं होतं तेव्हा दिली होती, पुरळ गेलं पण ती घेतली की यांना झोप छान लागते म्हणून चालू ठेवली. रोज? रोज रात्री. कधीपासून? कुणालाच आठवेना. मुलगा फोनमध्ये जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो शोधायला लागला.

हायड्रॉक्सिझिन म्हणजे जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन. ॲलर्जीवर काम करतं पण त्याचबरोबर ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवतं. तोंडाला लाळ सुटणं, आतड्याची हालचाल, लघवीची पिशवी रिकामी होणं, ही सगळी कामं त्या रसायनावर चालतात, आणि मेंदूत लक्ष आणि स्मरणासाठी तेच लागतं. म्हणून कोरडं तोंड बघितलं की माझी नजर आपोआप गोळ्यांकडे वळते. गंमत म्हणजे अल्झायमरसाठी जी डोनेपेझिल देतात ती हेच ॲसिटिलकोलीन वाढवायला. म्हणजे 'विसरतात' म्हणून यांना डोनेपेझिल सुरू झाली असती आणि खाजेची गोळीही चालूच राहिली असती, तर एकाच माणसाच्या मेंदूत एक गोळी ढकलतेय आणि दुसरी ओढतेय. असे पेशंट आम्ही बघितलेत. वयस्करांना शक्यतो टाळायच्या औषधांची एक यादी आहे, बीअर्स क्रायटेरिया, 1991 पासूनची, त्यात ही जुनी अँटिहिस्टामिन ठळक आहेत. सर्दीच्या आणि झोपेच्या कितीतरी साध्या गोळ्यांमध्ये हीच मंडळी असतात, म्हणून साधी गोळी हा शब्दप्रयोगच मला आवडत नाही.

तेवढ्यात काका म्हणाले, तारीख हवीय का, माझ्या वहीत मिळेल. आणि बॅगेतून सुडोकूची वही काढली. मी थक्क झाले. रोजची तारीख, कोड्याची लेव्हल, किती मिनिटं लागली, सगळं रकाने आखून. आधीची पानं बघितली तर वीस-पंचवीस मिनिटं, वीस-पंचवीस मिनिटं, सरळ रेषेत. मग एका ठरावीक महिन्यापासून पस्तीस, चाळीस, अर्धवट, सोडून दिलं, पन्नास. मुलाला फोटो सापडला होता, खाजेच्या प्रिस्क्रिप्शनवरची तारीख त्याच महिन्याच्या आदल्या आठवड्यातली. खोलीत कुणी काही बोललं नाही, काका मात्र खूश होते की आपल्या वहीचा कुणीतरी उपयोग केला.

तरी मी काही नाचायला लागले नाही. एका वहीवरून कारण सिद्ध होत नाही, त्याच काळात दुसरंही काही बदललेलं असू शकतं. म्हणून दिवसाचा सगळा हिशोब विचारला आणि तो ऐकताना मला खरी केस दिसली. दोन-तीन वर्षांपासून ऐकू कमी यायला लागलं. गप्पांमध्ये चुकीचं उत्तर दिलं की पोरं हसायची, कुणी वाईट हेतूने नाही, पण हसायची. म्हणून काका चार माणसांत बसायचे बंद झाले. खोलीत एकटं बसलं की दुपारी डोळा लागणार, दोन-दोन तास. दुपारी झोपलं की रात्री जाग. रात्री जाग म्हणून ती गोळी. गोळीने सकाळी डोकं जड, मग चुका, मग घरच्यांची काळजी, मग ॲप, आणि ॲपसाठी परत त्याच खोलीत एकटं. यात कुणी एकही वाईट सवय ठरवून लावून घेतलेली नाही, प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचंच वाटलं असणार. डुलत डुलत बाहेर पडावं, चालून यावं, हे तर कधीच बंद झालं होतं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनचा 2024 चा रिपोर्ट आहे, त्यात डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या) बदलता येण्यासारख्या 14 धोक्यांची यादी आहे, आणि ते सगळे हटले तर जगातल्या साधारण 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज. लोक हा आकडा 'माझा धोका 45 टक्के कमी' असा वाचतात, तसा तो नाही, तो अख्ख्या लोकसंख्येचा आहे. पण यादी बघण्यासारखी आहे, कमी ऐकू येणं, बीपी, डायबेटीस, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, व्यायाम नसणं, एकटेपणा, डिप्रेशन, सिगारेट, दारू, डोक्याला मार, आणि एलडीएलसारखीच यादीत नव्याने आलेली, उपचार न केलेली कमी नजर. काकांच्या एका खोलीत यातल्या निम्म्या गोष्टी बसलेल्या.

डॉक्टरांशी त्याच दुपारी बोलले. गोळी त्यांनी बंद केली (कुणीही आपल्या मनाने अशा गोळ्या सोडू नका, विचारून करा), बी-12 तपासलं कारण मेटफॉर्मिनने ते कमी होऊ शकतं, आणि निघालंच कमी. बीपी गोळी असूनही चढं होतं. एमआरआयमध्ये वयाच्या मानाने थोडे पांढरे ठिपके, बहुधा त्या बीपीचेच. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, वरच्या पट्टीचा उतार अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा. झोपेसाठी मी साधंच दिलं, दुपारी जास्तीत जास्त अर्धा तास, सकाळी उठायची वेळ एकच, झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. पहिला आठवडा भयंकर गेला, काकूंचा फोन आला होता की रात्रभर हा माणूस घरात फिरतोय, गोळी देऊ का. नका देऊ म्हटलं. दहाएक दिवसांनी बसलं.

कानाच्या मशिनचं त्याहून अवघड. मशिन लावलं की दुसऱ्या मिनिटाला सगळं स्पष्ट होतं ही समजूत चुकीची आहे, मेंदू इतकी वर्षं ज्या आवाजांशिवाय राहिला ते सगळे एकदम आदळतात, नळ, कागद, खुर्ची सरकवणं. बरीच मशिनं याच काळात कपाटात जातात. आणि मुलाने विचारलंच, याने डिमेन्शिया टळेल का? अचीव्ह नावाची मोठी ट्रायल झाली, 2023 मध्ये निकाल आले, 70 ते 84 वयाचे 977 लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर मशिनवाल्यांत आणि बाकीच्यांत बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे गॅरंटी नाही पण काकांसारख्या माणसाला न लावण्याचं काही कारणही नाही. आणि डिमेन्शियाचं राहू दे, नातवंडं काय बोलतात ते कळणं हे पुरेसं कारण नाही का?

चार महिन्यांनी परत टेस्ट घेतली, दुसरा फॉर्म. पहिल्या दिवशी मोकामध्ये 20 होते, आता 25. सारखं पाणी पिणं बंद, डोळ्यांवर झापड नाही. वहीतली मिनिटं खाली आलीत, अगदी पहिल्याइतकी नाहीत. 25 म्हणजे अजून 26 च्या खालीच, त्यामुळे सगळं ठीक आहे असं मी म्हटलं नाही, त्या पांढऱ्या ठिपक्यांचा काही भाग असेल, किंवा आणखी काही हळूहळू सुरू होत असेल, सहा महिन्यांनी परत बघायचं ठरलंय. मुलाने ॲप रिन्यू करायचं का विचारलं, मी म्हटलं काकांनाच विचार, तर काका म्हणाले नको, आता मी पत्ते खेळायला बसतो सगळ्यांबरोबर. चालायला मात्र अजून जात नाहीत. गुडघा, ऊन, बूट चावतो, रोज नवीन कारण. काकू म्हणाल्या, मॅडम, ते माझ्यावर सोडा.