आजीच्या नावाची पंगत

आजी माऊलींच्या पालखीतल्या एका दिंडीला दरवर्षी फलटण मुक्कामी जेवण द्यायची. ती गेल्यानंतरच्या पहिल्या वारीत ती पंगत आम्ही नातवंडांनी घातली. आजीला आठवायचं तर तिचा हिशेब चुकू द्यायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. हिशेब तिच्या वहीत होता.

दिंडीचालकांना महिना-दीड महिना आधी फोन करावा लागतो. पंगती आधीच वाटलेल्या असतात. ऐनवेळी गेलं तर तो दिवस दुसऱ्याकडे गेलेला असतो. त्यांनी 150 माणसं सांगितली. आजी वर 30 धरायची, म्हणून 180.

भाकरी माणशी अडीच, म्हणजे 450. त्याला ज्वारीचं पीठ 45 किलो. एका घरात हे होत नाही. आजी 15 घरी तीन-तीन किलो पीठ पोचवायची. प्रत्येकीच्या वाट्याला तीसेक भाकरी, तासा-सव्वा तासाचं काम. पीठ आदल्या दिवशीच दळायचं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि चवही कडवट लागते. आमच्या दोन घरांतल्या भाकरी अशाच चिरल्या, कारण ते पीठ आठवड्यापूर्वीचं होतं. दुसरी चूक म्हणजे गरम भाकऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणं. त्यांना घाम सुटतो, खालच्या ओल्या होतात. आधी उभ्या करून वाफ जाऊ द्यायची, मग दुरडीत धोतराचं फडकं घालून रचायच्या.

पिठलं शेवटी. बेसन 7 किलो, पाणी 28 लिटर, तेल दीड-पावणेदोन लिटर, मिरच्या पाऊण किलो. पंगतीत माळकरी असतात, म्हणून कांदा-लसूण नाही. मोहरी, जिरं, हिंग आणि भरपूर कोथिंबीर. बेसन आधी सात-आठ लिटर गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि उरलेल्या पाण्याला उकळी आली की धार धरून सोडायचं. कोरडं पीठ उकळीत टाकलं तर गाठी होतात आणि एवढ्या पातेल्यात त्या मोडत नाहीत. पळीवरून सहज ओघळतंय तोवरच उतरवायचं. वाढेपर्यंत ते घट्ट होतंच. पालखीतळावरच्या संध्याकाळच्या समाजआरतीला मंडळी निघाली की आधण ठेवायचं, त्याआधी नाही.

वाढताना प्रत्येकाला "माऊली" म्हणायचं, म्हातारा असो की पोर. कोण, कुठले, हे आजीने कधी कुणाला विचारलं नाही. पाण्यासाठी तिचाच पितळी तांब्या फिरवला. काठावर टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलंय, बोटाला लागतं. तिचं नाव म्हणून तेवढंच पंगतीत होतं. फ्लेक्स तिला चालला नसता.

मागे चाळीसेक भाकऱ्या राहिल्या. वहीत त्यांचीही सोय होती. शेंगदाण्याचा ठेचा घालून दोन-दोनच्या पुरचुंड्या बांधल्या आणि पहाटे पुढच्या मुक्कामाच्या, बरडच्या वाटेला लागलेल्यांच्या हातात दिल्या.