स्पीकरच्या खोक्यांसाठी लांबी (पुट्टी) निवडताना

मामांकडून आलेली स्पीकरची जोडी आवाजाला ठणठणीत होती, खोकी मात्र बघवत नव्हती. 18 मिमीचा चिपबोर्ड, त्यावरचा व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, जागोजागी सुटलेला. एका खोक्याचा खालचा कोपरा वर्षानुवर्षं ओल्या फडक्याचं पाणी पिऊन फुगलेला, आणि वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, स्क्रू जागच्या जागी नुसतेच फिरत होते. व्हिनीअर पूर्ण काढून गडद राखाडी मॅट रंग द्यायचा, असं ठरवलं. पॉलिश करायचं असतं तर लांबीचा, म्हणजे खड्डे-चरे भरायच्या पुट्टीचा, रंग लाकडाशी जुळवत बसावं लागलं असतं. ती कटकट वाचली, पण सपाट रंगावर खिडकीतला तिरपा उजेड पडला की चरा न् चरा दिसतो. म्हणून भरायचं काय, यावरच सगळं अडलं होतं.

ज्याला विचारावं तो आपापल्या धंद्यातलं सांगे. सुतार म्हणाला, भुसा आणि फेविकॉल कालवा. रंगाच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी पुढे केली. शेजाऱ्यांनी तर घरात उरलेली वॉल पुट्टीची पिशवीच आणून दिली! ती आदराने परत केली. वॉल पुट्टी म्हणजे मुख्यतः पांढरं सिमेंट, पाण्यात कालवायचं. आधीच पाण्याने फुगलेल्या चिपबोर्डाला पुन्हा पाणी कशाला पाजायचं? शिवाय कडेवर जरा धक्का लागला की तिचा टवका उडतो.

भुसा-फेविकॉल अगदीच टाकाऊ नाही, पण त्यातलं पाणी उडालं की ते आकसतं, आणि घासायला घेतलं की रबरासारखं होऊन पॉलिश पेपर भरून टाकतं. एनसी पुट्टी थिनर उडून सुकते, म्हणजे तीही आकसून खाली बसते. पातळ हात मारायला उत्तम, खोल खड्ड्यात मात्र निरुपयोगी. एम-सीलचा विचार केला होता. ते दगडासारखं कडक होतं, आणि अडचण तीच: घासताना आजूबाजूचा मऊ बोर्ड झिजतो आणि गोळा वर राहतो. ते मी आतून, वायर जोडायच्या टर्मिनलच्या कपाभोवती हवा गळत होती तिथे वापरलं. बंद खोक्याला अशी फट चालत नाही.

शेवटी उत्तर मिळालं नाना पेठेत, गाड्यांच्या रंगांच्या दुकानात. गाडीच्या पत्र्याला लावतात ती पॉलिएस्टर पुट्टी. डबा आणि सोबत हार्डनरची छोटी ट्यूब. ती सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून जवळपास आकसत नाही, आणि चिपबोर्डासोबत एकसारखी घासली जाते. दुकानातल्या पेंटरने बजावलं, ‘‘साहेब, हार्डनर जास्त घालू नका. पट्टीवरच दगड होईल आणि रंगातून डाग वर येईल.’’ प्रमाण वजनाच्या साधारण 2 टक्के. सनमायकाच्या तुकड्यावर एकजीव रंग येईपर्यंत कालवायची, आणि थोडीथोडीच, कारण उन्हाळ्यात काही मिनिटांत ती हातातून जाते. वास फार उग्र. गॅलरीत बसूनच हे काम करावं, आणि घासताना मास्क हवाच.

पण पुट्टी सगळ्यावरचा इलाज नाही. फुगलेल्या कोपऱ्यावर ती तशीच थापली तर खालचा भुगा तिला घेऊन सुटेल. तो कोपरा आधी पूर्ण वाळवला, सुटलेले कण खरवडले, हळू घट्ट होणारं अरल्डाइट जरा कोमट करून आत मुरवलं आणि पॉलिथीन गुंडाळलेल्या दोन फळ्यांमध्ये रात्रभर शिकंजात दाबून ठेवला. मग घासून वर पुट्टीचा हात. स्क्रूच्या भोकांतही पुट्टी नको, ती ठिसूळ असते. तिथे भोक मोठं करून फेविकॉल लावलेली लाकडी काडी ठोकली आणि तीत बारीक भोक पाडून स्क्रू घेतला. चांगली पकड आली.

या सगळ्याआधी वूफर आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) काढून वेगळ्या खोलीत ठेवले. पुट्टीची धूळ त्यांच्या शंकूवर नको, आणि स्टील वूल तर या कामाच्या आसपासही नको: त्याचे तंतू चुंबकाने ओढले गेले तर कॉइलच्या फटीत अडकतात.

घासणं 80 नंबरच्या पेपरपासून 180 पर्यंत, नेहमी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. बोटांनी घासलं की खळगे पडतात. प्रायमर वाळल्यावर गॅरेजवाल्यांची युक्ती केली: काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारून 320 ने घासायचं. जिथे काळं उरतं तो खळगा. मग तिथे, आणि तिथेच, ती एनसी पुट्टी कामाला आली. परत प्रायमर, मग रंग.

रंग हाताला कोरडा लागला तरी वूफर लगेच बसवला नाही. ओलसर रंगावर गॅस्केट (वूफरच्या कडेखालची हवाबंद पट्टी) चिकटतं, आणि पुढच्या वेळी काढताना रंगासकट उचकटतं. आठवडाभर खोकी तशीच ठेवली, मगच स्क्रू आवळले.