खिद्रापूरचं आकाश, रंकाळ्याचा काठ आणि फोनवरून चालणारा कॅमेरा

निकॉनच्या जुन्या डीएसएलआरसाठीचं डब्ल्यूयू-१ए हे कॅमेरा वाय-फायनं फोनशी जोडणारं अडॅप्टर बरेच जण फोटो पटकन फोनवर यावेत म्हणून घेतात. तेवढ्यासाठी कार्ड रीडर पुरेसा आहे. आपला डोळा जिथं नेता येत नाही तिथं कॅमेरा ठेवायचा असेल, तेव्हा या अडॅप्टरला तोड नाही. कोल्हापुरात अशा दोन जागा माझ्या मनात होत्या. एक रंकाळा तलावाचा ओला काठ आणि दुसरी खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप.

आधी वस्तूबद्दल थोडं. अडॅप्टर अंगठ्याच्या पेराएवढं असतं आणि कॅमेऱ्याच्या रबरी झाकणाखालच्या यूएसबीच्या खाचेत बसतं. डी३२००, डी३३००, डी५२००, डी७१०० आणि डीएफ यांना ‘ए’ चालतं. डी६०० आणि डी६१० यांना ‘बी’ लागतं. जुन्या बाजारात घेताना हे शेवटचं अक्षर नक्की बघा. डी५३००, डी७२०० आणि त्यानंतरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वाय-फाय आतच आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

रंकाळ्यावर पहाटेच पोचलो. दिवस वर आला की फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आणि पाणपक्षी आत सरकतात. गर्दी नसलेला काठ गाठला, खाली प्लास्टिक अंथरलं, त्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी आणि पिशवीवर डी७१००. लेन्स पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. ट्रायपॉड इतका खाली जात नाही, आणि गेला तरी चिखलात आडवं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पक्षी उडालेच. मी मागं कट्ट्यावर फोन घेऊन बसलो. या अडॅप्टरचा पल्ला कागदोपत्री साधारण १५ मीटर आहे, पण मधे माणसं आली किंवा फोन आणि कॅमेरा यांच्यामधे आपलंच अंग आलं तरी चित्र अडकायला लागतं. कॅमेरा थेट दिसेल असं बसा.

फिरायला आलेले एक काका थांबले. ‘‘कॅमेरा तिथं ठेवलायसा आणि तुमी हितं?’’ फोनवर वारकरी (कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पाणपक्षी) पोहताना दाखवले, तर काका तिथंच बसले आणि उन्हं येईपर्यंत हलले नाहीत. पाण्याच्या पातळीवरून बघितलं की हे नेहमीचे पक्षीही वेगळेच दिसतात. मागचं पाणी पार विरघळून जातं आणि लाल डोळा तेवढा उरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनवरच्या निकॉनच्या ‘वायरलेस मोबाइल युटिलिटी’ या ॲपमधून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधून त्या क्षणी दिसणारं चित्र, दिसतो, स्क्रीनवर बोट ठेवून फोकस करता येतो आणि क्लिक करता येतं. ॲपर्चर, शटर, आयएसओ फोनवरून बदलता येत नाहीत. म्हणून ते सगळं कॅमेऱ्यावर आधी लावा, एक फोटो काढून तपासा आणि मगच दूर जा. पक्ष्यांसाठी मी शटर १/१०००, ॲपर्चर एफ/८ आणि आयएसओ ऑटो ठेवला होता. लाइव्ह व्ह्यूमधला फोकस सावकाश लागतो, त्यामुळे उडत्या पक्ष्याची आशा धरू नका. पक्षी जिथून जाईल असं वाटतं त्या जागेवर आधीच फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका, म्हणजे बटण दाबल्यावर फोकससाठी वेळ जात नाही. आरशाचा खटका मात्र होतोच. वंचक (ढोकरी बगळा) पहिल्या आवाजाला मान वळवतो, मग सरावतो.

खिद्रापूर कोल्हापूर शहरापासून ६० किलोमीटरच्या आसपास आहे. जयसिंगपूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असा रस्ता. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. एसटीनं जाणार असाल तर कुरुंदवाडपर्यंत जा आणि पुढच्या गाडीची व परतीची वेळ तिथंच स्टँडवर विचारून घ्या.

शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर. स्वर्गमंडपात ४८ खांब, आणि मधोमध छताला सुमारे १३ फूट व्यासाचं गोल मोकळं आकाश. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिला. या शिळेच्या मध्यावरून सरळ वर बघितलं की खांबांची वर्तुळं आकाशाभोवती उभी राहतात. हा फोटो हातात कॅमेरा धरून घेतला तर वर्तुळ हमखास कलतं, आणि रुंद लेन्समध्ये आपलं डोकं तरी येतं नाहीतर सावली. मंदिर संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. मी तिथल्या रखवालदार मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘तिवई नको, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण होता कामा नये.’’ मऊ कापडावर कॅमेरा उताणा ठेवला, खांबाआड गेलो आणि फोनवर बघत, परत येऊन नखभर सरकवत, वर्तुळ मधे आणलं. हे सरकवणं कंटाळवाणं आहे, पण फोटो त्यातच आहे.

सकाळीच जा. दुपारी आकाश पांढरंफटक पडतं आणि खांब काळे. एक्स्पोजर आकाशाला धरून ठेवा, रॉ आणि जेपेग दोन्ही घ्या, सावल्या नंतर घरी उघडता येतात. गजपट्टासाठी (मंदिराच्या पायाभोवतीची हत्तींची रांग) मात्र फोन खिशात ठेवा. ते हत्ती जवळ जाऊन, डोळ्यांनीच बघायचे.

निघण्यापूर्वी काही गोष्टी घरीच उरका. ॲप आपल्या फोनवर चालतंय का ते तपासा, जुनं ॲप नव्या फोनवर रुसू शकतं. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी द्या. कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन ते सोडून मोबाइल डेटावर पळतो. डेटा बंद ठेवा. अडॅप्टर नवं असताना त्याचं नेटवर्क पासवर्डशिवाय उघडं असतं, रंकाळ्यासारख्या ठिकाणी ते कुणालाही जोडता येईल, तेव्हा ॲपमधून पासवर्ड लावून घ्या. अडॅप्टर कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चालतं, त्यात लाइव्ह व्ह्यू सतत चालू, त्यामुळे भरलेली दुसरी बॅटरी हवीच. रिमोटसाठी गेलात तर आधी फोटो काढून घ्या. फोनवर उतरवायचं काम परतीच्या वाटेवर नृसिंहवाडीत बासुंदी येईपर्यंत करता येतं.